टायफॉइडची फाईल

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज तिसऱ्या तासानंतर प्राचार्य मुंडले सरांनी बोलावलं आणि बसल्याबरोबर चहा मागवला. चहा आला की मागून काम येतं, हे चोवीस वर्षांच्या नोकरीत मला पक्कं कळलंय. म्हणाले, "गजभिये मॅडम, विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन कक्ष सुरू करायचा आहे. समन्वयक तुम्ही." मी म्हटलं, सर, मी संख्याशास्त्र शिकवते, पोरांच्या मनातलं मला काय कळणार? तर म्हणाले, "मनाचं बघायला आपण समुपदेशक नेमतोय. तुम्ही फक्त तो कक्ष चालवून दाखवा. तुमच्या हातात दिलेलं काम अडत नाही." हे मात्र खरं आहे. खोटी नम्रता मला जमत नाही.

अकरा वर्षं हजेरी समिती मी चालवते. पंच्याहत्तर टक्के म्हणजे पंच्याहत्तर, चौऱ्याहत्तर पूर्णांक नऊ नाही. पोरं माझ्यामागे मला 'पंच्याहत्तर मॅडम' म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

जेवताना मारोतरावांना सांगितलं. तीस वर्षांचा संसार, नवऱ्यानं तरी कौतुक करावं. घास तसाच हातात धरून हसत सुटले. म्हणाले, "तुह्यापाशी कोण येईन वं बोलाले? पोट्टे तुले पाहून जिना बदलतात." मी म्हटलं, बघाल. मार्चपर्यंत रांग लावून दाखवते.

९ जानेवारी, गुरुवार

खोली मिळाली. परीक्षा विभागाच्या अगदी शेजारची, जिथं जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. जागा मोक्याची आहे, फॉर्म भरायला सगळं कॉलेज तिथूनच जातं. पाटी मी स्वतः सांगून करून घेतली, पिवळ्यावर लाल अक्षरांत, 'मानसिक आरोग्य व समुपदेशन कक्ष'. फाटकापासून वाचता येते.

रजिस्टरही आखलं. अनुक्रमांक, नाव, वर्ग, रोल नंबर, समस्या (थोडक्यात), पालकांचा मोबाईल, सही. दोन तासांत सगळं उभं केलं. असल्या कामांना लोक महिनोनमहिने का लावतात कोण जाणे.

२१ जानेवारी, मंगळवार

समुपदेशक आजपासून रुजू झाली. सुरुची देशकर, वय अठ्ठावीस. मंगळवार आणि शुक्रवार, असे आठवड्यातून दोन दिवस येणार. पायात कॅनव्हासचे बूट, आवाज इतका हळू की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. खोली पाहिली, पाटी पाहिली, रजिस्टर उघडून बराच वेळ पाहत राहिली. मग विचारते, "मॅडम, हे लागेलच का?"

मी म्हटलं, "कागदावर नसेल तर काम झालं हे कोणाला कळणार?"

यावर ती काही बोलली नाही. मुलगी समजूतदार दिसते.

३१ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस कक्ष चालला. रजिस्टरात शून्य नोंदी.

मी हे दोन प्रकारे पाहते. एक, पोरांना अजून माहिती नाही. पण पाटी फाटकातून दिसते, तेव्हा ते कारण बाद. मग उरतं दुसरं, की आपली पोरं मुळात ठणठणीत आहेत. आम्ही नागपूरच्याच इंदोरा वस्तीत दोन खोल्यांत सात जण राहून शिकलो. बाबा सूतगिरणीतून येऊन झोपले की कंदिलाची वात खाली करायची आणि तसंच वाचायचं. मन लागत नाही म्हणायला वेळ कोणाला होता? जानेवारीच्या अहवालात लिहिलं, 'विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य समाधानकारक आढळले.' सुरुचीनं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मॅडम, मी सही पुढच्या महिन्यात करते."

एक गंमत लिहायची राहिली. एक मुलगी आज तीनदा कक्षाच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिन्ही वेळा मी बाहेर येऊन मोठ्यानं विचारलं, काय पाहिजे? तिन्ही वेळा म्हणाली, परीक्षेचा फॉर्म कुठं मिळतो. खिडकी तिच्या नाकासमोर होती. कसं होणार या पोरांचं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

हजेरीचा हंगाम सुरू झाला. मी या दिवसांची वाट पाहते, असं लिहिलं तर बरं दिसणार नाही, पण पाहते.

आमचं कॉलेज स्वायत्त, नियम आमचेच. ज्याची हजेरी कमी त्याला परीक्षेला बसता येत नाही. अपवाद फक्त आजारपणाचा, त्यासाठी डॉक्टरचा दाखला. यंदा चौसष्ट दाखले आले. पंख्याखाली पसरून बसले आणि आजारवार वेगळे केले. डेंग्यू नऊ, कावीळ सहा, हातपाय मोडलेले पाच, इतर सात. आणि टायफॉइड सदतीस. पैकी एकोणतिसांवर एकाच दवाखान्याचा शिक्का. नाव इथं लिहीत नाही.

मागच्या पाच वर्षांच्या फायली काढून आलेख काढला. शहरात टायफॉइड पावसाळ्यात येतो. आमच्या कॉलेजात तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि अपात्रांची यादी लागली की बरा होतो. हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. उद्यापासून एकेकाला बोलावते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवसांत एकोणीस झाले. माझे प्रश्न तीनच. ताप किती होता, किती दिवस, आणि खायला काय देत होते. तिसऱ्यावर बहुतेक पडतात. एकानं ताठ मानेनं सांगितलं, "तर्री पोहा, मॅडम." टायफॉइडमधे ती तिखटजाळ तर्री खाऊन हा जिवंत राहिला म्हणजे चमत्कारच. एक जण पचमढीला गेला होता, त्याचे फोटो माझ्याच भाच्यानं दाखवले. एक हिंगण्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो, दुपारी वर्गात येऊन झोपायचं तेवढं बाकी होतं. त्याला काही मी फार रागावले नाही.

प्रत्येकाच्या दाखल्यामागे पेन्सिलीनं शेरा लिहून ठेवला आहे, समितीत उपयोगी पडेल. उरलेले अठरा सोमवार-मंगळवारी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

टायफॉइडच्या गठ्ठ्यात शेवटी सरिता बावणेचा दाखला होता. बी.एस्सी. दुसरं वर्ष, रोल नंबर त्रेचाळीस, माझ्याच वर्गातली. मागच्या वर्षी माझ्या पेपरात शंभरात एक्क्याण्णव. हजेरी एक्केचाळीस टक्के. आत आली तेव्हा मला चेहरा ओळखायला दोन क्षण लागले. सावनेरहून रोज बसनं येणारी, वडील कोळशाच्या खाणीत.

मी नेहमीचं सुरू केलं. ताप? "होता." किती दिवस? "दीड महिना." खायला काय देत होते?

ती म्हणाली, "डबा."

"आजारी माणसाला डबा कोण देतं?"

"आई देते. रोज सकाळी साडेसहाला."

मला वाटलं, सापडली. मी पेन्सिल उचलली सुद्धा. तर ती खाली बघत, कोणी दुसऱ्याच मुलीबद्दल सांगावं तशी सांगायला लागली. "मी रोज येते मॅडम नागपूरले. सातच्या बसनं येते. स्टँडवर उतरते. तिथून कॉलेजची सिटी बस पकडाची असते. पण पाय नाई उचलत. बाकावर बसून राहते. चार वाजता वापस जाते."

"रोज?"

"जानेवारीपासून जवळपास रोज."

"अन् डबा?"

"जमलं तं खाते. नाई तं कुत्र्याले टाकते. भरलेला वापस नेला तं आई पुसते."

मी विचारलं, काहून गं असं? माझ्या तोंडून घरची भाषाच निघाली. ती म्हणाली, "काहून ते समजलं असतं तं सांगितलं नसतं काय मॅडम? कोणी काही म्हटलं नाई. घरी काही झालं नाई. सगळं बरोबर आहे. मलेच सकाळ झाली का भेव वाटते."

तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. घरी कळलं तर कॉलेज बंद होईल आणि उन्हाळ्यात लग्न लावून देतील. थोरल्या बहिणीचं तसंच झालं. मी म्हटलं, घरी कळणार नाही, हा माझा शब्द. मी शब्द सहसा देत नाही, दिला की मोडत नाही.

मंगळवार होता, सुरुची शेजारीच होती. मी सरिताला उठवलं, दंडाला धरलं आणि निघाले. बाहेर फॉर्मच्या खिडकीसमोर तीसेक पोरं रांगेत. त्या रांगेसमोरून मी तिला त्या लाल पाटीकडे नेत होते. ती पाटीखाली थांबली. आत टेबलावर रजिस्टर उघडं होतं, 'समस्या (थोडक्यात)' हे दारातून वाचता येत होतं. तिनं दंड सोडवून घेतला आणि इतक्या हळू बोलली की रांगेतल्या कोणाला ऐकू जाऊ नये.

"मॅडम, टायफॉइडच राहू द्या ना."

सुरुचीनं आतून पाहिलं असावं. बाहेर आली, माझ्याकडे बघितलं नाही, सरिताला म्हणाली, "मला चहा घ्यायचाय, चलतेस?" दोघी मागच्या बाजूला कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. तासभर बसल्या. मी वर्गावर गेले आणि हजेरी घेतली. त्रेचाळीसपाशी थांबले. या सत्रात तिच्या नावापुढे माझ्या हातानं एकोणतीस वेळा 'गै' लिहिलेलं आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल सुटी होती. सगळा दिवस टायफॉइडची फाईल घेऊन बसले. दाखले पालथे घालून माझेच शेरे वाचले.

'उत्तर टाळतो.' 'झोप येत नाही म्हणतो, विषय सोडून बोलतो.' 'रडते, नाटक.' 'आंघोळ केलेली दिसत नाही, निष्काळजी.' 'खायला काय देत होते विचारल्यावर म्हणते भूकच नव्हती. पाठ केलेलं उत्तर.' 'तीनदा विचारलं, तीनदा माफी मागितली, कशाची ते सांगता येईना.'

सदतिसांत असे चौदा. बाकीचे तेवीस बनेल आहेत, त्यांच्याबद्दल माझं मत कायम आहे. पण या चौदांना मी पकडलं म्हणून खूश झाले होते. कक्षात कोणी येत नाही म्हणून मी अहवालात 'समाधानकारक' लिहिलं. येत होते. माझ्याच टेबलावर येत होते, टायफॉइड घेऊन, कारण आमच्याकडे चालणारा आजार तेवढाच होता.

सुरुचीला फोन केला आणि चौदा आकडा सांगितला. ती म्हणाली, "मॅडम, मला यायच्या दिवसांत दोन वाढवून मिळतील का?" मग म्हणाली, "आणि ते रजिस्टर?" मी म्हटलं, रजिस्टर गेलं. मारोतरावांना हे सगळं सांगितलं नाही, ते हसतील म्हणून नव्हे, हसणार नाहीत म्हणून.

एक ठरवलं. मी अपराधी वाटून घेत बसणार नाही, त्यानं कोणाची हजेरी भरत नाही. समिती शनिवारी आहे. तोवर 'आजाराचे नाव' हा रकाना दाखल्यासोबतच्या अर्जात कोणी घातला ते शोधते आणि त्याला सगळ्यांसमोर सोलते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडला.

कार्यालयातले शालिकराम, आमचे सगळ्यात जुने बाबू, त्यांना नियमांची फाईल मागितली. मूळ नियमात फक्त 'वैद्यकीय कारण' एवढंच आहे. आजाराचं नाव लिहा असं कुठंही नाही. मग अर्जाचा नमुना काढला, २०१४ चा. खाली बारीक अक्षरांत, 'नमुना तयार करणार'. शालिकरामांनी चष्मा वर केला. "मॅडम, हे तं तुमचीच सही आहे ना जी."

माझीच. कौ. गजभिये, ठळक, खाली दोन रेघा. तेव्हा वाटलं असणार, रकाना असला की कोणी खोटं बोलणार नाही.

पण खरा धक्का पुढं होता. शालिकराम फाईल बांधता बांधता सहज म्हणाले, "पन्नास टक्क्याच्या खालच्यांची पत्रं काल गेली बरं का. बराबर वीस तारखेले. तुम्हाले आठवण द्याची गरज नाही पडली." तीन वर्षांपूर्वी मीच भांडून हा नियम करून घेतला होता. वीस फेब्रुवारीला पालकांना रजिस्टर पोस्टानं पत्र गेलंच पाहिजे, कोणी विचारो न विचारो. जावक नोंद पाहिली. नववं नाव सरिताच्या वडिलांचं, देवाजी बावणे, सावनेर. 'आपली पाल्य सतत गैरहजर असून...' मजकूरही माझाच.

संध्याकाळी सरिताला मी स्वतः फोन करून सांगितलं. कोणावर ढकललं नाही. तिनं फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद. लगेच सुरुचीला कळवलं. आता दहा वाजत आले, अजून बंदच आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आठला सुरुचीचा फोन आला. सरितानं तिचा फोन उचलला. ती घरी आहे, बरी आहे. सुरुचीनं तिला सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का? तर म्हणाली, तसं नाही, पण दिवसभर कोणीतरी जवळ असावं वाटतं. सुरुचीनं तिला आठवडाभरात मेडिकलमधे, म्हणजे सरकारी रुग्णालयात, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलंय, ती कबूलही झाली. हे सगळं सरिताला विचारून ती मला सांगत होती, तसं तिनं दोनदा बजावलं. पत्र अजून आलेलं नाही. उद्या मी घरी आले तर चालेल का, हेही मी सुरुचीला विचारायला सांगितलं होतं. सरिताचं उत्तर आलं ते जसंच्या तसं लिहिते. "मॅडमनं पाठवलं ना पत्र, तं मॅडमनंच येऊन वाचावं."

अकराला समिती. मी अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हा रकाना काढायचा. यापुढे दाखला बंद पाकिटात समुपदेशकाकडे जाईल, समितीला फक्त 'ग्राह्य' किंवा 'अग्राह्य' कळेल. आजार कोणता ते मलाही कळायला नको.

मुंडले सर म्हणाले, "मॅडम, मग कोणीही उठून वैद्यकीय कारण सांगेल."

"आत्ताही सांगतंय सर. फक्त टायफॉइड सांगतंय." आणि आलेख पुढं सरकवला. आलेखापुढं आमच्याकडे कोणी फार बोलत नाही.

मग बाकीचंही काढलं. कक्ष ग्रंथालयाच्या वर न्यायचा, तिथं दोन जिने आहेत, कोण कुठं चाललं ते कळत नाही. पाटी नको. रजिस्टर नको, सुरुची तिच्याजवळ काय ठेवायचं ते ठेवेल आणि आपल्याला महिन्याला फक्त आकडा देईल. तिचे दिवस दोनाचे चार. आणि विद्यार्थ्याशी बोलल्याशिवाय घरी पत्र जाणार नाही. यावर सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पण हा तर तुमचाच नियम, मॅडम. केवढ्या भांडल्या होत्या तुम्ही."

"म्हणून तर मोडायला मीच आले सर. दुसऱ्या कोणाला मी मोडू दिला नसता."

दीड तासात सगळं मंजूर. चौदांपैकी प्रत्येकाशी सुरुची बोलेपर्यंत त्यांची नावं अपात्रांच्या यादीतून बाहेर. एक विरोधी मत वाणिज्यच्या विभागप्रमुखांचं, ते असायचंच. काम झालं की मला एरवी भूक लागते, आज लागली नाही. सावनेरला पत्र दुपारच्या टपालात पोचलं असणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

सावनेरच्या बसमधे सगळं बोलणं मनात मांडून घेतलं. मुलगी हुशार आहे, आजार आहे आणि तो बरा होतो, वर्ष वाया जाणार नाही, लग्नाची घाई करू नका. चार मुद्दे, क्रमानं. खाण कामगाराशी कसं बोलायचं ते मला कोणी शिकवायला नको, मी गिरणी कामगाराची मुलगी आहे.

घर साधं, अंगणात तुळस आणि मोटारसायकल. सिंधूताईंनी, म्हणजे सरिताच्या आईनं, पाणी दिलं. सरिता आतल्या दाराशी उभी. देवाजी रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. पत्र टीव्हीवर होतं, फोडलेलं.

"बसा मॅडम," म्हणाले. मी बसले आणि पहिला मुद्दा काढला. त्यांनी हात वर केला, उद्धटपणे नाही, रस्ता ओलांडताना गाडीला करतो तसा.

"मॅडम, पोट्टी कॉलेजात जात नाही ते मले मालूम आहे."

माझे चारही मुद्दे तिथंच संपले.

"संक्रांतीपासून पाहून राहिलो. हसत नाही, भांडत नाही. एक दिवस मांगच्या बसनं गेलो. स्टँडवर पाहिलं तं बाकावर बसून. मले वाटलं कोणी पोट्टा-गिट्टा असन. मंग पाहू म्हटलं कोण येते. कोणी नाही आलं. चार वाजेपर्यंत एकलीच."

सिंधूताई चहाचे कप घेऊन आल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. त्यांनाही हे आजच कळत होतं.

"मंग रातपाळी मांगून घेतली. दिवस मोकळा पाह्यजे ना. हप्त्यातून तीन-चार खेपा जातो. समोर रसवंती आहे, तिथं बसतो. तिची बस सुटली का दुसऱ्या बसनं वापस येतो."

मी म्हटलं, "महिनाभर? अन् झोपता कधी?"

"बसमधे."

"पण बोलले काहून नाही तिच्याशी?"

"काय बोलू, मॅडम? पाय मोडला असता तं खांद्यावर टाकून दवाखान्यात नेली असती. हे कुठं मोडलं ते मलेच दिसून नाही राहिलं. रागवलो अन् बसनं यायचीही बंद झाली तं? म्हटलं, निदान नजरेसमोर आहे."

दाराशी सरिता रडत होती. म्हणाली, "बाबा, तुमी रोज येत होते?"

"रोज नाही वं. जमन तवा."

सिंधूताईंनी कप खाली ठेवले आणि मुलीला जवळ घेतलं. मी चहा प्यायले, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. मग जे सांगायचं ते सांगितलं, मुद्द्यांशिवाय. रकान्याचं सांगितलं, पत्राचं सांगितलं, चूक माझी होती तेही सांगितलं. लग्नाचा विषय मी काढलाच नाही. त्यांनीही काढला नाही.

निघताना देवाजी स्टॉपपर्यंत सोडायला आले. बस दिसल्यावर म्हणाले, "मॅडम, थे तुमची बोलाची खोली आहे ना. तिथं पोट्ट्यायच्या बापाले येऊ देते काय?"

आमच्या एकाही कागदात याचं उत्तर नाही. मी कोणालाही न विचारता हो म्हटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नवी खोली उघडली. खिडकीतून कडुलिंब दिसतो. आत दोन खुर्च्या, पाण्याचा माठ, बाहेर व्हरांड्यात एक बाक. पाटी नाही.

साडेअकराला सरिता आली, मागून देवाजी. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. सरिता आधी आत गेली. ते बाकावर बसले आणि पाच मिनिटांत भिंतीला डोकं टेकून झोपले. मी कोणाला त्या बाजूनं मोठ्यानं बोलू दिलं नाही. पाऊण तासानं ती बाहेर आली. बापाकडे थोडा वेळ बघत राहिली, मग हळूच खांद्याला हात लावला. "बाबा, आता तुमी जा."

ते उठले, दाराशी गेले आणि चपला काढल्या. मी म्हटलं, अहो, इथं काढायची गरज नाही. "राहू द्या," म्हणाले. आतून सुरुची उठून उभी राहिलेली दिसली, मग दार लागलं.

मी सरिताच्या शेजारी बाकावर बसले. तिला सांगायच्या पन्नास गोष्टी होत्या, परीक्षेच्या, राहिलेल्या तासांच्या, नोट्सच्या. एकही सांगितली नाही. आयुष्यात एवढा वेळ मी जागेपणी गप्प बसलेली नाही. आतून काही ऐकू येत नव्हतं आणि मी कानही लावला नाही. एकदाच, बऱ्याच वेळानं, मोठ्या माणसाच्या रडण्याचा आवाज आला. सरितानं माझा हात धरला, मी धरू दिला.